तीन फोन आणि माझं एक खोटं

डॉक्टरांनी यांना तोंड उघडायला लावलं, जीभ आतच सैल ठेवा म्हणाले आणि बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिले. मीही वाकून पाहिलं. जिभेवर बारीक बारीक लाटा उठत होत्या. हे काही हलवत नव्हते, तरी ती आपोआप थरथरत होती.

मग डॉक्टर खुर्चीवर बसले. "याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात," ते म्हणाले. "हालचालीचा हुकूम मेंदूकडून स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी असतात, त्यांना मोटर न्यूरॉन म्हणतात. त्या हळूहळू मरतात, मग स्नायू वाळतात. आजार दुर्मिळ आहे. याला थोपवणारं औषध अजून नाही. वेग थोडा कमी करणारी गोळी आहे, ती देतो."

यांनी एवढंच विचारलं, "शिलाई मशीनवर परत कधी बसू?"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. "बसता येईल असं मला वाटत नाही," म्हणाले.

माझा नवरा शिंपी. जुन्नरच्या बाजारात दुकान. कात्री हातातून निसटायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, मान वाकवून शिवण्याने शिरा दबल्या असतील. मानेला पट्टा, शेक, मालिश, यातच जवळपास वर्ष गेलं. मग बोलणं जड झालं. पुण्याला एमआरआय झाला, त्यात मान ठीक निघाली. नंतर ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातली वीज तपासतात. ती सुई दुखते. हे डोळे मिटून पडून राहिले.

निदान झालं त्याच दिवशी डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायलबद्दल सांगितलं. नवं औषध माणसांना देऊन, ते चालतं का हे नियमाने तपासायचं. काही जणांना औषध, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, तिला प्लासिबो म्हणतात. कुणाला काय मिळालं, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. त्यात घ्यायला आजार फार जुना नको, फुप्फुसांत पुरेसा जोर हवा. "विचार करा, मनाला पटलं नाही तर नको," डॉक्टर म्हणाले, "पण लांबवू नका."

एसटीत यांनी माहितीचा मराठी कागद दोनदा वाचला. नारायणगाव आलं तेव्हा म्हणाले, "जाऊ आपण. बघू तरी काय व्हतंय."

मी म्हटलं, "घरी बोलू."

घरी मोठे दीर म्हणाले, "माणूस हाय का ससा, औषधं तपासायला? काय नाय जायचं." हे थोरल्या भावाला उलट बोलत नाहीत. मला मात्र आतून बरं वाटलं. मलाही तीच भीती होती, ती दुसऱ्याने बोलून दाखवली.

हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण मी आशा सेविका आहे. वाड्या-वस्त्यांवर फिरून मी बायकांना सांगते, तपासणीला घाबरू नका, सुईला घाबरू नका.

दवाखान्याच्या कागदावर नंबर माझा होता. संशोधनाचं काम बघणाऱ्या ताईंचा फोन आला, तेव्हा हे अंगणात ऊन खात बसले होते. मी म्हटलं, झोपलेत. आठवड्याने परत आला. म्हटलं, विचार चाललाय. तिसऱ्यांदा मी सांगून टाकलं, त्यांची इच्छा नाही.

"त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू का?" ताईंनी नम्रपणे विचारलं.

"त्यांना बोलता येत नाही," मी म्हणाले.

तेव्हा त्यांना बोलता येत होतं. जड, पण समजेल असं.

पुढे यांनी दोनदा विचारलं, फोन आला का. मी नाही म्हणाले. "आपला नंबर लागला नसंल," असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

पाच महिन्यांनी पुण्याला तपासणीला गेलो. नळीत जोराने फुंकायची स्पायरोमेट्री केली. त्यात फुप्फुसांचा जोर कळतो. आकडा बराच खाली आला होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ट्रायलला नको म्हणालात, ते आम्ही मान्य केलं. आता तसंही तुम्हाला त्यात घेता आलं नसतं."

हे माझ्याकडे बघत राहिले. बाहेर बाकावर बसल्यावर एकेक शब्द ओढत विचारलं, "फोन आल्ता?"

"आल्ता."

"कितीदा?"

"तीनदा."

मग म्हणाले, "औषधाचं जाऊ दे. मला इचारायचं व्हतंस."

मी परत आत गेले आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. "ते औषध लागू पडलं असतं असं मी म्हणणार नाही," म्हणाले. "ते अजून कुणालाच ठाऊक नाही." त्यांनी मला सोडवायलाच ते सांगितलं असेल, पण माझी सुटका झाली नाही. औषधाने काय झालं असतं ते देव जाणे. एका धडधाकट बुद्धीच्या माणसाचं उत्तर मी परस्पर देऊन टाकलं, ते मात्र मीच केलं.

आणखी एक अभ्यास चालू होता. त्यात औषध नाही. ठराविक दिवसांनी रक्त द्यायचं, आवाज नोंदवायचा, हातापायांचा जोर मोजू द्यायचा. आजार कसा पसरतो ते त्यातून शिकतात. ताईंनी सगळं यांच्यासमोर बसून सांगितलं. "काका, तुम्हाला स्वतःला याचा फायदा नाही," हेही सांगितलं.

"चालंल," हे म्हणाले. "म्होरल्याला हुईल."

सही करता येईना. साक्षीदारासमोर अंगठा उमटवला. मी बाजूला बसून होते, एक शब्द बोलले नाही.

तुमच्या घरी असं काही आलं तर ट्रायलला जाच, असं मी म्हणणार नाही. नको म्हणायचाही हक्क आहे, मधूनच बाहेर पडायचाही आहे. पण तो दुखणेकऱ्याचा आहे. घाबरलात तर तसं त्यांना सांगा, डॉक्टरांना दहा प्रश्न विचारा. माझ्यासारखं दार लावून घेऊ नका. त्या ताईंचे उपकार मानते, की माझं खोटं कळल्यावरही त्या आमच्याशी पूर्वीसारख्याच बोलल्या.

परवा रक्त द्यायचा दिवस होता. यांना आदल्या दिवसापासून दम लागत होता. दीर गाडी घेऊन दारात आले आणि मला म्हणाले, "लई थकलाय गं. राहू दे म्हणून कळव."

मी यांच्याजवळ बसले. आता शब्द फुटायला वेळ लागतो. दीर दोनदा काही बोलायला गेले, मी हाताने थांबवलं.

"जायचं," हे म्हणाले.

दिरांनी त्यांना उचललं, आणि मी गाडीचं दार उघडलं.