पंचमावर थांबलेले हमीदभाई

हमीदभाईंना मैफलीत माणसं घाबरवायला आवडायचं. सारंगी छातीशी धरून, डोळे मिटून ते एकदा रागात शिरले की समेचा पत्ता विसरल्यासारखे भलतीकडेच भटकत राहायचे. तबलजी आधी हसायचा, मग सावरून बसायचा, मग त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागायचा. आता हा माणूस काही समेवर येत नाही, असं सगळ्यांना वाटेपर्यंत ते ताणायचे आणि अगदी शेवटच्या क्षणी अलगद समेवर उतरायचे. वर डोळे उघडून तबलजीला विचारायचे, "काय हो, घरी सांगून आला नव्हतात का?"

मी मुळातच भित्री. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि टेलिफोन खात्यात नोकरी करूनही अवेळी घंटी वाजली की मी दचकते. कसब्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात मी पहिल्यांदा त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसले, तेव्हा त्यांचं ते भटकणं ऐकून माझे हात गार पडले आणि तारा अडखळल्या. मैफल संपल्यावर ते वळून म्हणाले, "बाई, तुम्ही खुशाल घाबरा. तंबोऱ्याला कशाला त्यात ओढता?" आणि पुढच्या गुरुवारी घरी बोलावलं. तिथून पुढं सतरा वर्षं मी त्यांच्या मागे बसले. 'बाई'ची 'नंदा' झाले, 'तुम्ही'ची 'तू' झाले, पण हात गार पडायचे ते पडतच राहिले.

कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची मुलगी रेहाना राहायची. बायको फार आधी गेली होती. हमीदभाईंचे वडील आणि आजोबा गवयांच्या साथीला वाजवत. यांच्या वेळेपर्यंत गवयांनी सारंगी सोडून पेटी धरली होती, म्हणून हमीदभाई सिनेमाकडे वळले. पडद्यावर कुणी मेलं की यांना बोलावणं यायचं. संगीत दिग्दर्शक सांगे, बावीस सेकंदांचं दुःख पाहिजे. हमीदभाई विचारत, "कोण गेलं?" आई, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न, "वय काय होतं?" तरण्या माणसासाठी ते वेगळं वाजवत, म्हाताऱ्यासाठी वेगळं. स्वतः सिनेमा कधी पाहत नसत. "मी मारलेली माणसं पुढच्या सिनेमात पुन्हा हिंडताना दिसतात," म्हणायचे, "मग माझी मेहनत गेली ना फुकट!"

पुढे परदेशी वादक त्यांना शोधत येऊ लागले. आफ्रिकेतला एक तंतुवादक आला, स्पेनचा एक गिटारवाला आला, आणि हमीदभाई त्यांच्यासोबत महिना-महिना युरोपात हिंडून आले. भाषेचं कसं जमतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, म्हणजे भांडणाची सोयच नाही. वाजवण्यावाचून गत्यंतर काय?" तिकडचे श्रोते त्यांना फार आवडत. "चुकलं तरी टाळ्या वाजवतात बिचारे. आपल्या पुण्यात बरोबर वाजवलं तरी पहिल्या रांगेतला माणूस घड्याळ बघतो." ही मंडळी पुण्यात आली की मधे दुभाषी म्हणून मी असायची, कारण खात्यात राहून माझं इंग्रजी बऱ्यापैकी झालं होतं.

मग एका गुरुवारी दुपारी ते घरी मुलतानी राग वाजवत होते. स्थायी झाली आणि अंतऱ्याला जायची वेळ आली. ते निषादापासून चढत पंचमापर्यंत गेले, तिथं क्षणभर थांबले आणि परत खाली आले. नेहमीची मस्करी, असं मला वाटलं. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा मी मान वर करून पाहिलं, तर त्यांचे डोळे उघडे होते. वाजवताना हमीदभाईंचे डोळे उघडे मी तोवर कधीच पाहिले नव्हते. काय करावं ते न सुचून मी हळूच वरचा निषाद आणि षड्ज गुणगुणले. ते लगेच तिथून वर चढले आणि अंतरा इतका सुरेख वाजवला की मला रडू आलं. वाजवून झाल्यावर त्यांनी सारंगीचा गज खाली ठेवला.

"रस्ता होता तिथंच होता," म्हणाले, "मलाच दिसला नाही. रेहानाला सांगू नकोस. पोर घाबरेल."

"आणि मी घाबरत नाही?"

"तू घाबरलेलीच असतेस. तुला काय फरक पडणार?"

डॉक्टरांकडे चला, म्हणून मी मागे लागले. ते ऐकेनात. "डॉक्टर त्याला नाव ठेवील. नाव ठेवलं की ते घरात राहायलाच येतं, मग त्याचं जेवणखाण बघा." मी तेव्हाच रेहानाला सांगायला हवं होतं. पण सांगितलं की हे वाजवणं थांबणार, आणि वाजवणं थांबलेले हमीदभाई कसे असतील याची मला त्याहून जास्त भीती वाटली. म्हणून आम्ही दोघांनी एक पद्धत बसवून टाकली. मी मागे बसायचं, कान टवकारून ऐकायचं, आणि ते एकाच जागी दुसऱ्यांदा फिरले की पुढचा सूर गुणगुणायचा. दोन वर्षं हे चाललं. श्रोत्यांना वाटे, शिष्येला गायची संधी देतायत. एकदा एक गृहस्थ मला म्हणालेसुद्धा, "भाग्यवान आहात." त्या दोन वर्षांत कुठल्याही मैफलीच्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

अशात योहान आला. हा परदेशी चेलोवादक, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन वाजवणारा, उंचच उंच, मवाळ माणूस. त्याला हमीदभाईंना घेऊन एक रेकॉर्ड करायची होती आणि त्यातला काही भाग त्याच्या मित्राच्या सिनेमात वापरायचा होता. मी हमीदभाईंना हात जोडून सांगितलं, नाही म्हणा. ते म्हणाले, "नाही म्हटलं तर कारण सांगावं लागतं."

ध्वनिमुद्रण वारज्यात होतं. एका बंगल्याचा तळमजला, बाहेर सगळीकडे नव्या इमारतींची कामं. मी रजा टाकून तंबोरा घेऊन गेले, तर तिथं तंबोरा यंत्रातूनच वाजणार होता. प्रत्येक वादकाला काचेची वेगळी खोली होती, आणि मला योहानशेजारी, यंत्रांच्या टेबलापाशी खुर्ची दिली. मी आत जाऊन हमीदभाईंना सांगितलं, मागे बसता येणार नाही म्हणतायत. त्यांनी कानांवर हेडफोन चढवले आणि काचेकडे बोट दाखवलं. "दिसशील ना तू तिथून? मग झालं तर."

टेबलावर एक बटण होतं. ते दाबून बोललं की आतल्या वादकाच्या कानात ऐकू जायचं. माझ्या हातापासून ते वीतभर अंतरावर होतं.

ते मुलतानीच वाजवायला लागले. आलाप उत्तम झाला, स्थायी उत्तम झाली. मग पंचमापर्यंत गेले, थांबले आणि खाली आले. मी बटणाकडे पाहिलं. ते पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. योहान पुढं सरकून बसला. पाचव्या-सहाव्या फेरीला त्यानं स्वतःचा चेलो ओढून घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन हलकेच त्या चार-पाच सुरांखाली एकच लांब सूर धरला. जाताना माझ्याकडे बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. हे सगळं हमीदभाई मुद्दाम करतायत, अशी त्याची समजूत झाली होती.

काचेपलीकडे हमीदभाईंचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. वर चढताना बघायचे, पंचमावर थांबून बघायचे, खाली येताना मान वळवून बघायचे. आजवर त्यांनी इतक्या लोकांना घाबरवलं, पण घाबरलेले हमीदभाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. बटण दाबून दोन सूर गुणगुणायचे, एवढंच काम होतं. पण ते योहानच्याही कानात गेलं असतं, त्यानं विचारलं असतं, सगळ्यांनी विचारलं असतं, दोन वर्षं झाकलेलं तिथं सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. मी हात पुढं केला आणि मागे घेतला. असं अकरा मिनिटं चाललं. शेवटी त्यांचा गजाचा हात आपोआप खाली आला.

योहान धावत आत गेला आणि त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एकाच जागी इतका वेळ थांबायचं धाडस असलेला वादक मी आयुष्यभर शोधत होतो, असं तो म्हणाला. ते मराठीत सांगायचं काम माझं होतं. मी म्हटलं, "त्याला फार आवडलं."

हमीदभाई म्हणाले, "त्याला सांग, अंतरा राहिला."

मी योहानला इंग्रजीत सांगितलं, ते तुमचे आभार मानतायत.

परतताना रिक्षात त्यांनी सारंगी मांडीवर आडवी धरली होती. निम्मा रस्ता मागे पडला. मग म्हणाले, "तू तिथंच होतीस ना?"

"हो."

"मग सूर का नाही दिलास, बेटा?"

"मी घाबरले, हमीदभाई."

नेहमीसारखं काहीतरी खोचक येईल म्हणून मी वाट पाहिली. ते एवढंच म्हणाले, "मीही." घरी पोचल्यावर मी रेहानाला त्यांच्या विसरण्याचं सगळं सांगून टाकलं.

पुढं डॉक्टरांकडे जाऊन झालं, नाव ठेवून झालं, औषधं झाली. हमीदभाईंनी जाहीर वाजवणं बंद केलं. रेकॉर्ड मात्र देशोदेशी गाजली आणि त्यातली ती अकरा मिनिटं त्या सिनेमात आली. कुणी त्याला ध्यान म्हटलं, कुणी प्रार्थना. मला लोक विचारत, त्या वेळी तुम्ही तिथं होतात म्हणे? मी हो म्हणायची आणि विषय बदलायची. योहानला मी खरं कधीच कळवलं नाही. तीन-चार पत्रं लिहिली आणि फाडली.

हमीदभाई जायच्या दोन महिने आधीची गोष्ट. तेव्हा त्यांच्या लक्षात माणसांची नावं राहिली नव्हती, मला ते पुन्हा 'अहो बाई' म्हणत. अब्बांना बरं वाटेल म्हणून रेहानानं ती रेकॉर्ड लावली. मी नको म्हणायच्या आत सारंगी सुरू झाली. हमीदभाई कॉटवर ताठ बसले.

"कोण वाजवतंय?"

"अब्बा, तुम्हीच."

"मी नाही." ते अस्वस्थ झाले, चादर मुठीत धरली. "हा चुकलाय. पंचमावरून वर जायचंय त्याला, रस्ता सापडत नाहीये. अहो बाई, एवढी माणसं बसलीयत तिथं, कुणी सांगत कसं नाही त्याला?"

मी उठले, रेकॉर्ड वाजत होती त्या यंत्रापाशी गेले आणि वरचा निषाद आणि षड्ज म्हटला. गुणगुणले नाही, चांगला खणखणीत म्हटला. सारंगी पंचमावर थांबली आणि ठरल्याप्रमाणे खाली आली. मी पुन्हा म्हटला. ती पुन्हा खाली आली. तिसऱ्यांदा माझा सूर लागेना. रेहाना बंद करायला पुढं आली, तशी हमीदभाईंनी तिला हातानं अडवलं.

"नाही ऐकू जात त्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "फार घाबरलाय." मग मला खुणेनं तिथंच, यंत्राशेजारी खाली बसायला सांगितलं.

"आता उठू नका, बाई. तो थांबेपर्यंत बसा त्याच्याजवळ."