नमुन्याची शीग

निर्मला मॅडमविषयी मी समारंभांतून पुष्कळ बोललो. अभिमानानंच बोललो. पण दरवेळी एक प्रसंग गाळला. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, घरात बायकोलाही नाही.

मॅडम जालन्याच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख. त्यांच्या पर्समध्ये रुमाल नसायचा एखादे दिवशी, पण चार-दोन काचेच्या कुप्या हमखास असायच्या. एकीत शहागडच्या गोदेची रेती, दुसरीत रोलिंग मिलमधल्या लोखंडावरची खपली, तिसरीत मंठ्याकडची काळी माती. एखाद्या यंत्राचा विक्रेता ते चालवून दाखवायला आपल्या डबीतली पावडर काढू लागला की त्या थांबवायच्या. "तुमचं लेकरू तुमच्या घरी शहाणंच असतं. आमचं सांभाळून दाखवा."

हवं होतं क्ष-किरणांचं यंत्र. पदार्थ दळून त्यावर किरण टाकायचे. ते कोणकोणत्या कोनांत परततात त्यावरून आत काय आहे ते कळतं. कागदावर शिखरं उमटतात, आणि प्रत्येक पदार्थाची शिखरं ठरलेल्या जागी. आमची पोरं नमुने पुण्याला पाठवायची आणि उत्तराची वाट बघत वर्ष घालवायची. मॅडमना ते लागायचं. "जालन्याची माती, अन् ती काय आहे हे सांगायचं पुण्यानं!"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अनुदान मंजूर झालं. संस्थेचे सचिव अण्णा, त्यांना खोलीभर मोठं यंत्र हवं होतं. पाहुण्यांना दाखवता येतं. मॅडमनी विचारलं, "अण्णा, त्याला थंड ठेवायला धो धो पाणी लागतं. नळाला पाणी येईल त्याच दिवशी प्रयोग करायचा का?" त्यांनी टेबलावर मावणारं, पाण्याची जोडणी न लागणारं यंत्र निवडलं होतं. कंपनीनं ते प्रात्यक्षिकासाठी जालन्यालाच आणलं. त्या दिवशी पसंत पडलं नाही, तर अनुदान परत जाणार होतं.

अण्णा खुर्ची ओढून बसले. "एवढ्याशा पेटीला एवढा खर्चा? माझ्या गुडघ्याचा फोटो निघंल का याच्यात?"

"गुडघा दळून आणा अण्णा, मंग निघंल," मॅडम म्हणाल्या. अण्णाच आधी हसले.

नमुना मी भरला, आतल्या खोलीत. मी त्यांचा विद्यार्थी, तोवर त्यांच्याच हाताखाली अधिव्याख्याता झालेला. दळलेली रेती चकतीच्या खळग्यात भरून काचेच्या पट्टीनं काठाबरोबर सपाट करायची, नाहीतर शिखरं सरकतात, हे त्यांनीच शिकवलेलं. पण मी टेंभुर्णीचा, शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडे धान्य मोजून देताना माप काठाशी कापणं हलकं समजत. वडील म्हणायचे, "शीग ठेवून दे, बरकत राहती." घाईत माझ्या हातानं घरचं वळण गिरवलं. काठाच्या वर जराशी शीग राहिली. मला ती दिसलीही होती. एवढ्यानं काय होतं, म्हणून चकती तशीच मॅडमच्या हातात दिली.

शिखरं उमटली ती सगळी एका बाजूला सरकून. कंपनीच्या इंजिनिअरनं हळूच विचारलं, "मॅडम, नमुना थोडा वर आलाय का?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नाही.

"बिलकुल नाही," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "आमचा हात चुकत नसतो."

अण्णा उठले. "मंग काय करून राह्यलो आपण? उचला पेटी."

यंत्र गेलं असतं. मॅडमनी चकती मागून घेतली, खिडकीच्या उजेडात डोळ्याच्या रेषेत धरली. पट्टी फिरवली. थोडी रेती टेबलावर सांडली. क्षणभर त्या तिच्याकडंच बघत राहिल्या; माझ्याकडं एकदाही नाही.

"थांबा अण्णा. यंत्र बराबर आहे. नमुना मी भरला, माझ्याकडून शीग राहिली."

"आता तर म्हणल्या, हात चुकत न्हाई! इतकी वर्षं काय शिकवलं मंग पोरांना?"

"चुकलं तर शोधायचं कसं, ते."

दुसऱ्या खेपेला शिखरं जागच्या जागी बसली. यंत्र जालन्यातच राहिलं.

मला वाटलं होतं, एकटं गाठून बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "गजानन, इथून पुढं नमुने तूच भरायचे." शिक्षा होती की विश्वास, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या यंत्रावर आमच्या किती पोरांचे प्रबंध झाले! मिलवाले खपली घेऊन यायला लागले. पुण्याच्या एका कॉलेजानं आमच्याकडं नमुने पाठवले, तेव्हा मॅडमनी विभागात पेढे वाटले आणि मला दोन दिले.

मॅडमच्या निवृत्तीच्या समारंभात अण्णांनी माइकवरून तो किस्सा रंगवून सांगितला, मॅडमचा हात चुकल्याचा. सभागृह हसलं. मॅडमही हसल्या. मीही हसलो, टाळी वाजवली.

गेल्या साली त्या गेल्या. शोकसभेतही अण्णांनी तेच सांगितलं, प्रेमानं, डोळे पुसत. माझं भाषण त्यांच्यानंतर होतं. मी मॅडमच्या शिस्तीविषयी बोललो आणि खाली बसलो.

अण्णा आता थकलेत, पण संध्याकाळी संस्थेत येऊन बसतात. ज्यांनी ज्यांनी तो किस्सा ऐकलाय, त्यांतले बरेच तिथं असतात. त्यांच्यासमोर उभं राहून, तो नमुना मी भरला होता आणि विचारल्यावर मी खोटं बोललो होतो, हे सांगणं, एवढं मी मॅडमचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.