उरलेलं संपवणारी

मंचरला मी राहते त्या इमारतीतल्या बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. किराणा महाग झाल्यापासून त्यावर रोज कुणी ना कुणी काटकसरीच्या युक्त्या टाकतं. उरलेल्या भाताचे कटलेट, शिळ्या पोळीचा लाडू, फ्लॉवरच्या देठांचं सूप. मध्ये एकीने मला लिहिलं, तू शेतकऱ्याची मुलगी, तुमच्याकडे काही वाया जात नसेल, तुझ्या आईच्या युक्त्या सांग की आम्हाला. मी फोन पालथा घातला आणि भांडी घासायला उठले. त्या बाईचा काही दोष नव्हता, तरी मला इतका राग आला की एकच कढई कितीतरी वेळ घासत बसले. आईची युक्ती एकच होती आणि ती ग्रुपवर टाकण्यासारखी नव्हती.

आमचं घर पिंपरी पेंढारला, गावापासून जरा लांब, मळ्यात. भोवती ऊस, कांदा, घरच्या भाकरीपुरती बाजरी आणि उन्हाळ्यात टोमॅटो. मळेवाल्यांच्या घरी खाण्यापिण्याची चंगळ असते असं शहरातल्या लोकांना उगाचच वाटतं. आमच्याकडे चांगला माल स्वयंपाकघरात आलेला मी तरी पाहिला नाही. टोमॅटो निवडताना टणक, लालबुंद फळ क्रेटमध्ये जायचं आणि फुटलेलं, डाग पडलेलं घमेल्यात. ते घमेलं आमचं. कांद्याचं तेच. बराकीत साठवलेला कांदा नासायला लागला की आई त्याचा सडका भाग कापून टाकायची आणि उरलेला फोडणीला घालायची. विकत आणायचं ते तेल, मीठ, चहा-साखर, डाळ. माझे वडील, म्हणजे दादा, पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे की आमचा महिन्याचा किराणा एका पिशवीत मावतो आणि आमच्यात कण वाया जात नाही. ते खरंच होतं. फक्त तो वाया न जाणारा कण जातो कुठे, हे कुणी विचारलं नाही.

पूर्वी त्याची सोय होती. रात्री भाकरीचं टोपलं रिकामं ठेवून निजायचं नाही, एखादी तरी भाकरी त्यात राहिलीच पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. अवेळी माणूस आला तर त्याच्यापुढे ठेवायला काहीतरी असावं म्हणून. त्यामुळे स्वयंपाक नेहमी हात राखून नव्हे, हात सोडून व्हायचा. सकाळी उरलेलं म्हशींच्या आंबोणात जायचं, खरकटं कुत्र्याला. मग बिबटे वाढले. दिवस कलल्यावर उसाच्या कडेला गवत कापायला जायची कुणाची छाती होईना, म्हणून म्हशी विकल्या. कुत्रं पडवीतून गेलं, सकाळी नुसती साखळी पडलेली होती. भावाने दुसरं आणलं, तेही गेलं. बिबट्याच्या जेवणाची सोय आपण कशाला करायची, असं म्हणून दादांनी तिसरं आणू दिलं नाही. भाकऱ्या मात्र होत्या तेवढ्याच होत राहिल्या.

आईला शुगर निघाली ती त्याच सुमाराला. नारायणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दिवसभरात काय खाता ते विचारलं. मी शेजारीच बसले होते. आईने सांगितलं, सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी एक भाकरी, रात्री अर्धी. ती इतक्या सरळपणे सांगत होती की खोटं वाटायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या खेपेला शुगर वाढलेली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी वाढलेली. गोळ्या वाढल्या, मग इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं की ही अशीच राहिली तर डोळे जातील, पाय जाईल, आधी खाण्याकडे बघा.

भाऊ घरी आला तो तडक स्वयंपाकघरात गेला. आई चोरून गोड खाते हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्याने गुळाची ढेप आणि साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली वहिनीकडे दिली. ज्या घरात आईने आयुष्य काढलं, तिथे घरच्यांच्या चहापुरती साखर काढायला तिला सुनेकडे किल्ली मागायची वेळ आली. तिने त्यावर कुणाशी भांडण काढलं नाही. मला फोनवर मात्र म्हणाली, "चोरून खायचं असतं तर मी समद्यांच्या आदी जेवले नसते व्हय?"

त्या वर्षी कांदा काढणीला मी रजा काढून घरी गेले. मजूर बायका होत्या, दुपारचं जेवण आमच्याकडेच. आमटी, भात, बाजरीच्या भाकऱ्या. सगळ्यांचं झाल्यावर आई, वहिनी आणि मी ताटं घेऊन बसलो. आईने इंजेक्शन घेतलं, एक भाकरी मोजून खाल्ली, भात नको म्हणाली आणि उठली. मला बरं वाटलं. थोड्या वेळाने मी पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेले, तर ती चुलीपुढे उकिडवी बसलेली. पुढ्यात आमटीचं पातेलं, त्यात टोपल्यातल्या उरलेल्या भाकऱ्या कुस्करलेल्या आणि वर तळाचा करपलेला भात. केर भरावा तशी ती ते भराभर तोंडात भरत होती. चव घेत नव्हती, नीट चावतसुद्धा नव्हती.

मी म्हटलं, आई, आत्ता तर जेवलीस.

"जेवले कवाच. आता आवरतेय."

मी म्हटलं, हे जेवणच आहे, पहिल्यापेक्षा जास्त आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी बावळटासारखं बोलले होते.

"जेवण ताटात असतंय बाई. ह्ये उरल्यालं हाये. ह्येला कोण जेवण म्हनतं?"

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. ती डॉक्टरांना खोटं बोललीच नव्हती. सकाळी रात्रीची भाकरी, दुपारी पातेल्याचा तळ, नातवंडांनी ताटात टाकलेलं, संध्याकाळी दुपारचा भात. हे सगळं तिच्या हिशेबी कामात मोडत होतं, झाडलोट आणि सारवणात. म्हशींचं आणि कुत्र्याचं काम तिच्याकडे आलं होतं आणि ती ते मुकाट्याने करत होती.

मी भावाला सांगितलं. त्याने कपाटाचं कुलूप काढून खिशात घातलं आणि मळ्याकडे निघून गेला. वहिनी मात्र शहाणी. तिने दुसऱ्या दिवसापासून माणसं बघून पीठ मळायला सुरुवात केली. टोपलं रात्री रिकामं राहू लागलं. आई आवरायला बसायची आणि आवरायला काही नसायचं. तिला ते फार चमत्कारिक वाटायचं, झाकणं उघडून बघत राहायची. पण शुगर खाली आली. खरंच आली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. मी मंचरला परतले तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली.

ते टिकलं नाही. तळेघरकडचे दादांचे जुने ओळखीचे दोघे जण कामानिमित्त आले होते आणि ऐन जेवणाच्या वेळी घरी टेकले. टोपल्यात काहीच नव्हतं. वहिनीने घाईने पुन्हा तवा ठेवला, पण त्यांना गाडी गाठायची होती. त्या बाजूला गाड्या कमी, चुकली तर चालत जायचं. आमचं जेवण झालंय म्हणत ते चहा पिऊन उठले. दादा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आले आणि ओट्यावर बसून राहिले. रात्री जेवले नाहीत. सकाळी वहिनीला म्हणाले, "पावणं आपल्या दारातून उपाशी गेलं. असली काटकसर मला नको." एका पिशवीच्या किराण्याचा तोरा मिरवणारा माणूस हे बोलला. वहिनीने पुन्हा पहिल्यासारखं पीठ घेतलं. टोपलं पुन्हा भरलं आणि आई पुन्हा चुलीपुढे बसली.

मी दर रविवारी जाऊन भांडायचे. एकदा तिच्यादेखत उरलेल्या भाकऱ्या उचलल्या आणि उकिरड्यावर फेकल्या. म्हटलं, बघ, टाकलं, काय झालं? ती मागोमाग आली आणि उकिरड्याच्या कडेला उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ती रडत होती. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, माझी आजी गेली तेव्हाही नाही.

"ती बाजरी म्या काढलीय," ती म्हणाली. "कनसं खुडताना हाताची सालं गेली. तुला ती भाकर दिसती, मला हात दिसत्यात माजं."

मी तिची समजूत काढली नाही आणि भाकऱ्याही परत आणल्या नाहीत. आम्ही दोघी घरात आलो. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तिचंही चुकलं असं म्हणायला तोंड उघडत नाही.

पायाला चप्पल चावली होती, एवढंच निमित्त. तिने हळद दाबली आणि कांद्यात कामाला गेली. अंगठा काळा पडला तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. मला जवळ पडेल म्हणून तिला मंचरच्या दवाखान्यात आणलं. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. शुद्धीवर आल्यावर पायाकडे तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. वहिनी भेटायला आली तर तिला विचारलं, "घरी उरल्यालं कोन बघतंय?" वहिनीने खरं ते सांगितलं, टाकून देतो म्हणून. आईने तोंड भिंतीकडे केलं आणि संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. जखमेत पू झाला होता, तो अंगभर गेला. घरी परत न्यायचा प्रश्न उरला नाही.

दहाव्याच्या सकाळी घरात बायका जमल्या होत्या. गेलेल्या माणसाच्या आवडीचं नैवेद्याला करतात, तशी चूल पेटली होती. चुलतीने मला विचारलं, "तुज्या आईला काय आवडायचं गं?" मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. मी वहिनीकडे पाहिलं. ती रोज आईच्या शेजारी जेवलेली, तिलाही सांगता येईना. भाऊ म्हणाला, तिला गोड आवडत असेल, आणि मग स्वतःच गप्प झाला. शेवटी कुणीतरी बाहेर जाऊन दादांना विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. त्यांना खरोखर आठवायचं होतं, हे मला उंबऱ्यातून दिसत होतं.

"तिला समदंच चालायचं," ते म्हणाले.

चुलती म्हणाली, मग पुरणपोळी करू, सगळेच करतात. मी नको म्हटलं. कुणाला काही विचारलं नाही, परातीत बाजरीचं पीठ घेतलं आणि भाकरी थापली. तव्यावरची पहिली भाकरी फुगली तशी पानात ठेवली, तिच्यावर तूप घातलं आणि शेजारी भरल्या पातेल्यातली वरची आमटी वाढली. भावाचा धाकटा भूक लागली म्हणून हात पुढे करत होता. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, थांब, आधी आजी जेवू दे.