आधी तिला इचार

आमच्या वसईच्या बाजारात पाचूबंदरची एक कोळीण मासे विकते. तिचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे तिला मावशी म्हणतात. तिच्या एका बाजूला चाकांच्या खुर्चीत मुलगा असतो. त्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत, बोलायला वेळ लागतो. दुसऱ्या बाजूला, शाळा सुटली की धाकटी मुलगी बोंबील मांडत बसते.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी पर्समधलं चॉकलेट त्याच्या हातात ठेवून हळव्या आवाजात विचारलं, "कसा आहेस बाळा?"

मावशीची सुरी पापलेटावरच थांबली.

"त्याला अख्खा बाजार इचारतो. आधी तिला इचार, ताई. ती पन माझीच हाय."

मला रागच आला. गिऱ्हाइकाला शिकवते म्हणजे काय! पण मासा अर्धा कापलेला आणि सुरी काही हलेना. शेवटी मुलीला विचारलं. तिने खो-खोत सोललेलं कोपर मोठ्या ऐटीत दाखवलं, तेव्हा कुठे सुरी चालू झाली.

आता मी तिलाच आधी विचारते. परवा ती म्हणाली, "काल आम्ही मॅच जिंकलो!" मी शाबासकी देऊन निघाले, तर तिने माझी ओढणी धरली.

"आता दादाला विचारा ना. आणि तो बोलेपर्यंत थांबा."

मी थांबले. तो बराच वेळ ओठ जुळवत राहिला.

"ही... पहिलीच... आउट."

तिने त्याच्या दंडावर एक चापट ठेवून दिली. तो खिदळायला लागला. मावशीने मान वर केली नाही, आणि सुरीही थांबली नाही.