कोणती पार्वती

पार्वतीबाई देवावर अभंग रचते, हे ताडकळसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातल्या निम्म्या अभंगांत ती देवाशी भांडते, हे फक्त बायकांना ठाऊक होतं.

ती वालूरची लेक. बाप देवळात मृदंग वाजवायचा आणि ही पोर त्याच्या शेजारी बसून शब्द गोळा करायची. चौथीनंतर शाळा सुटली, शब्दांचा नाद सुटला नाही. लग्न होऊन ताडकळसला आली, हातात खुरपं आलं, आणि कापसात निंदता निंदता ती अभंग जुळवायला लागली. शेजारच्या पातीला, म्हणजे पिकाच्या शेजारच्या ओळीला, गीताबाई निंदत असायची. ती ओळ ऐकायची, पाठ करायची आणि एकादशीला बायकांच्या भजनात खड्या आवाजात लावायची. काय आवाज होता त्या बाईचा! माइक नाही, पेटी नाही, आणि देवळाच्या शेवटच्या पायरीवरच्या म्हातारीलाही शब्द न् शब्द ऐकू जायचा.

अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव यावं, ही आपली जुनी रीत. पार्वतीबाईनंही ती पाळली. 'पार्वती म्हणे' अशी तिची सही.

तिचा थोरला मुलगा चंद्रभान. चार वर्षांचा असताना श्रावणात तापानं फणफणला. जीपमध्ये घालून परभणीला निघाले, तर वाटेत नाला भरून वाहत होता. पाणी उतरायची वाट बघत बसले आणि पोरगं तिच्या मांडीवरच गेलं. लहान जीव, म्हणून शेताच्या बांधाला पुरलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बाया महादेवाला बेल वाहायला निघाल्या. पार्वतीबाई गेली नाही. तिनं घरात बसून महादेवाला सुनावलं:

'डोळे मिटूनिया बसलास कसा । पदर हा असा रिता केला ॥
पार्वती म्हणे बा, सोड तुझे ध्यान । लेकराचे दान दे मांडीत ॥'

पुढं बालाजी झाला, तो मोठा झाला, निकिता सून म्हणून आली. तो अभंग मात्र पार्वतीबाईनं स्वतः कधी म्हटला नाही. गीताबाई म्हणायची, आणि ही खाली मान घालून टाळ वाजवायची. भजनातल्या लेकी-सुनांच्या तोंडून तो पुढं गावोगाव गेला.

यंदा श्रावणाच्या तोंडावर निकितानं मोबाइल तिच्यापुढं धरला. "आत्या, ऐका. तुमचं गाणं लय चाललंय."

जिंतूरकडचे रंगनाथमहाराज कीर्तनात तोच अभंग गात होते. गळा गोड. गाता गाता थांबून त्यांनी अर्थ सांगितला. ही जुनी, पारंपरिक रचना आहे. शंकरानं गणपतीचं मस्तक उडवलं, तेव्हा पार्वतीमातेनं पतीपुढं केलेला हा आक्रोश. लोक डोळे पुसत होते. मग महाराजांनी शेवट घेतला: 'पार्वती म्हणे हो...'

"काय म्हनला त्यो?"

"पार्वती म्हणे हो."

"मी 'बा' म्हनलंय. 'हो' कुठून आला?"

निकिता हसली. "आता देवी नवऱ्याला 'बा' कशी म्हणंल? 'अहो'च म्हणंल की."

पार्वतीबाईनं मोबाइल खाली ठेवला. म्हणजे त्या माणसाच्या ध्यानात आलं होतं. 'बा' शब्द त्याला टोचला होता. ही बायको बोलत नाही, दुसरीच कुणीतरी बाई बापासारख्या देवाला जाब विचारतेय, हे एका अक्षरात लिहिलेलं होतं. त्यानं ती बाई कोण हे विचारलं नाही. अक्षरच बदलून टाकलं.

बालाजी घरी आला तर त्याची उलटीच खुशी. तो सप्ताहाच्या कमिटीत. "माय, काल्याला त्याच महाराजाला बोलवायलोय आपण. तुझं गाणं आपल्या देवळात वाजंल."

"माझं न्हाई. गणपतीच्या मायचं."

"लोकाला काय फरक पडतो? देवाचंच हाय ना?"

"तिचं लेकरू हत्तीचं डोस्कं लावून परत उठलं, बालाजी. तुझा भाऊ उठला का?"

बालाजीनं भाऊ पाहिला नव्हता. घरात त्याचं नाव निघत नसे. तो म्हणाला, "सप्त्यात तमाशा नगं करू, माय. इज्जतीचा सवाल हाय."

"कुनाच्या?" ती म्हणाली, आणि भाकरीला बसली. त्या दिवशी तिनं पीठ असं थापलं की परात अंगणभर वाजली.

काल्याच्या दिवशी मंडप भरला. दहीहंडी टांगलेली, टाळकऱ्यांची रांग मागं उभी, रांगेत बालाजी. कीर्तन संपत आलं तसं लोकांनी फर्माइश केली आणि महाराजांनी तो अभंग धरला. 'हो' आला. बायकांच्या बाजूनं पार्वतीबाई उठली.

"महाराज, थांबा. मला विचारायचंय."

चालत्या कीर्तनात कुणी उठत नाही. मृदंग अडखळला.

"कोणती पार्वती म्हनती हे?"

"जगन्माता, माउली. गणपतीबाप्पाची आई."

"न्हाई. मी म्हनते. मी, वालूरची लेक, ह्या गावची सून. तिच्या लेकराचं झालं बरं. माझ्या लेकराच्या मातीवर तुमी तिचा गणपती आनून बसवला."

महाराज कसलेले गडी. एका क्षणात त्यांनी हात जोडले, आवाज भरून आणला. "भाविक हो, धन्य झालो आपण. आज प्रत्यक्ष पार्वतीमाता ह्या माउलीच्या मुखानं बोलली."

टाळ्या पडल्या. दोन-तीन जण पुढं सरकले, एकजण तिच्या पायावर वाकलासुद्धा. अक्षर बदललं होतं, लेकरू बदललं होतं, आता तिलाच बदलायला निघाले होते.

"पाया पडू नका माझ्या," ती पाय मागं घेत म्हणाली. "माझ्या अंगात कुनी आलं न्हाई. त्याचं नाव घ्या."

"कुणाचं, माउली?"

तिनं बोलून सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिनं स्वतः तो अभंग धरला, आणि मधे एक नवं कडवं घातलं. आवाज चिरका, चाल सरळ:

'तिचा गणपती उठला हासत । चंद्रभान आत मातीखाली ॥'

कीर्तनात ओळ आली की मागच्यांनी ती उचलायची असते. टाळकरी एकमेकांकडं, मग महाराजांकडं बघत राहिले. म्हाताऱ्या गीताबाईनं खाली बसूनच तोंड उघडलं, पण तिचा आवाज आता उरला नव्हता.

पार्वतीबाईनं ओळ परत म्हटली. या वेळी रांगेतून एक टाळ वाजला. बालाजीचा. "चंद्रभान आत..." त्यानं उचललं, आणि ओळ शेवटापर्यंत नेली. शेजारच्यांनी धरली, मग बायकांनी. लेकराचं नाव मंडपाबाहेर चपलांच्या ढिगापर्यंत गेलं.

मग दहीहंडी फुटली. काल्यासाठी झुंबड उडाली. कुणीतरी पार्वतीबाईला म्हटलं, "माय, महादेवाच्या पाया पडून घे."

"पडले असते," ती पदर खोचत म्हणाली. "पन त्यानं अजून डोळे उघडले न्हाईत."

आणि ती चप्पल शोधायला लागली.