फुवांची सुरत

सायकल चालवायला सायकल, रस्ता आणि दोन पाय लागतात, असं बाकी सगळ्या जगाला वाटतं. माझ्या फुवांच्या मते तिला फक्त भीती लागते. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या गुजर घरांत आत्याला फुई आणि त्यांना फुवा म्हणतात. नंदुरबारच्या ज्या रस्त्यावर दुपारी एखादं कुत्रंही आडवं जात नसे, त्यावरून फुवा मागून फौज येत असल्यासारखे सायकल चालवत. तरुणपणी ते दोन वर्षं सुरतेला एका कापडाच्या दुकानात होते आणि तिथून एक सायकल आणि मोठ्या शहराचे सगळे नियम घेऊन परतले होते. वळण पाच घरं लांब असताना त्यांचा हात बाहेर यायचा आणि वळण संपून घर आलं तरी आत जायचा नाही. एकदा त्यांनी असा हात लांबवला, तेव्हा समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं मोठ्या प्रेमानं त्यात दोन पेरू ठेवले. फुवा खाली उतरले आणि त्याला रस्त्यात उभं करून म्हणाले, "अरे भाऊ, सुरतमा असं करशी तं मरशी!" पेरू मात्र त्यांनी खिशात घातले.

गिरणीच्या चौकात ते न चुकता थांबत. तिथे पोलीस नव्हता, कधी असण्याची शक्यताही नव्हती. तरी ते एक पाय जमिनीला लावून त्या नसलेल्या पोलिसाकडे बघत राहत, आणि त्याची परवानगी मिळाली की मान झुकवून पुढे जात. लोक हसत, पण जरा जपून हसत. मोठ्या शहरात सायकल चालवलेला दुसरा माणूस आमच्या गल्लीत नव्हता.

म्हणूनच माझं नशीब त्यांच्या हातात आलं. मी दूरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले होते. मला सुरतेच्या कॉलेजात जायचं होतं. राहायला मावशीचं घर होतं, पण ते शहराच्या एका टोकाला आणि कॉलेज दुसऱ्या. परक्या लोकांत चेंगरत बसनं जाणं माझ्या वडिलांना, म्हणजे बापूंना, पसंत नव्हतं, एकटीनं घोडागाडीत बसणं तर त्याहून नाही. दोन दिवस घरात हाच विषय घोळत राहिला. मग बापू म्हणाले, "पाव्हणा तिले सुरतना रस्तावर देखो. त्यासनी पास करी तं जाय, नहीतं घर बसो." मी नेहमीप्रमाणे काही बोलले नाही. रात्रभर उशी चावली.

दुसऱ्या दिवसापासून फुवांनी मला सुरत शिकवायला घेतली. पहिले धडे गावाबाहेरच्या कोरीटच्या रस्त्यावर झाले, पुढचे आठवडी बाजारात, मिरचीच्या ढिगांमधून. ते आपली सायकल हातात धरून मागून धावत आणि ओरडत, "ती म्हैस नही, मोटर शे! देख! मांगे देखू नको!" मागे वळून बघणं हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा होता. मी घामानं निथळत असे.  बाजारातल्या बाया म्हणत, "पोरगी रडस का चालावस?"

पोलिसाचा धडा अंगणात झाला. फुईला पालथ्या खोक्यावर उभं केलं. ती डोक्यावरचा पदर दातांत धरून दोन्ही हात पसरायची आणि म्हणायची, "लवकर करा, चुलावर दूध शे." नियम एकच होता: पोलिसानं पाठ फिरवली की निघायचं. फुई दूध बघायला वळली की फुवा ओरडत, "जाय!" आणि मी सुसाट तुळशीपर्यंत जायचे. हे मला इतकं पाठ झालं होतं की स्वप्नातही मला पोलिसांच्या पाठीच दिसत.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघांच्या सायकली गोधड्यांत गुंडाळून सुरतेच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवल्या. गाडीत फुवा माझ्यासमोर बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांची बोटं गुडघ्यावर ब्रेक दाबत होती.

सुरतेला उतरून आम्ही एका मोठ्या चौकात आलो. ट्रक, घोडागाड्या, हातगाड्या, आणि सायकली तर इतक्या, की नंदुरबारात तेवढी माणसं नसावीत. मधोमध चौथऱ्यावर पोलीस. "तू पुढे, मी मांगे," फुवा म्हणाले. मी सायकलवर बसले. पोलिसानं हात पसरले आणि आमच्याकडे पाठ फिरवली. मी निघाले.

एकाच क्षणी दोन्ही बाजूंनी सगळं शहर माझ्यावर चालून आलं. ट्रकचा हॉर्न कानात शिरला. एका घोड्याचा गरम श्वास माझ्या दंडाला लागला आणि गाडीवाल्यानं लगाम खेचला. मी कशी वाचले ते आजही सांगता येत नाही. चौथऱ्याला टेकून उभी राहिले तेव्हा पोलीस वरून ओरडत होता, "ओ बेन! मारी पीठ देखाय एटले ऊभा रहेवानुं!"

पाठ दिसली की थांबायचं. म्हणजे आम्ही शिकलेलं सगळं उलटं. तेव्हा मी तो मोठा गुन्हा केला. मागे बघितलं. फुवा फुटपाथवर होते. एक हात हँडलवर, एक सीटवर. पोलिसाची पाठ अजून फुटपाथकडेच होती, आणि फुवा रहदारीच्या फटीतून सायकल ढकलत, धोतर सावरत, पायी पळत माझ्याकडे आले.

पलीकडे एका दुकानाच्या पायरीवर ते बसले. बराच वेळ धाप लागलेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आठे, या सुरतमा, सायकलवर कधी बसनूच नही माय. पहिलाच दिवस पाय कापाले लागनात. दोन वर्ष हातमाच धरीसन चालनू. पोलीस पाठ फिराये, तवय त्यानी नजर चुकाईसन पळू."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझं कॉलेज त्या पायरीवर अडकलं होतं, आणि त्यांची आयुष्यभराची ऐटही.

"बापूले सांगशी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा, फुवा. काय सांगायचं ते."

ते जरा विचारात पडले. मग उठून उभे राहिले. "तं मंग पुन्हा जाय. यावखत त्यानी पाठ नही, खांदा दिसी तवय जाय. मी देखस."

मी गेले. थांबले, निघाले, पलीकडे पोचले, परत आले. पुन्हा गेले. फुवा पायरीवर डोळे न मिटता उभे होते, जणू माझे पाय त्यांनाच हलवायचे होते. शेवटच्या फेरीला मी हात दाखवून वळले, तेव्हा त्यांचाही हात बाहेर आलेला मला दिसला.

नंदुरबारच्या फलाटावर बापू आधीच येऊन उभे होते. "काय पाव्हणा? पास का नापास?"

फुवांनी माझ्याकडे बघितलं. "पोर मन्हापेक्षा भारी चालावस," ते म्हणाले.

बापू खळखळून हसले. पाव्हण्याचा विनय त्यांना फार आवडला.

याला आता काही वर्षं झाली. मी सुरतेहून सुट्टीत घरी येते, तेव्हा फुवा संध्याकाळी कोरीटच्या रस्त्यावर माझ्याबरोबर निघतात. गिरणीच्या चौकात अजूनही थांबतात. गाव संपलं की सायकल झाडाला टेकवतात, खाली बसतात आणि दर वेळी एकच गोष्ट विचारतात, "सांग माय, सायकलवर बसीसन सुरत कशी दिसस?"

मी फारशी बोलणारी मुलगी नाही. पण तेव्हा अंधार पडेपर्यंत सांगत राहते, आणि फुवा डोळे मिटून, एक हात किंचित बाहेर काढून ऐकत असतात.