चिंध्यांची पत

गल्लीत शिंप्यांची अकरा दुकानं होती, आणि अकराही दुकानांतल्या कपड्यांना काजं पाडायची एकटी काजताई. शिंपी कितीही मोठा असो, काजाची वेळ आली की तोही कचरतो. बरोबरच आहे. सगळं शिवून, इस्त्री करून झालेल्या कोटाला शेवटी सुरी लावायची असते. ती सूतभर सरकली की कोट गेला आणि गिऱ्हाईकही गेलं. म्हणून ही शेवटची धोंड सगळे काजताईच्या गळ्यात बांधून मोकळे व्हायचे.

तिची खोली जिन्याखाली. आत मशीन, स्टूल आणि ती स्वतः. आणखी कुणी आलं तर त्याने दारातूनच बोलायचं. भिंतीवर मात्र तसूभर जागा रिकामी नव्हती. तिथे तारा लटकत होत्या आणि तारांवर चिंध्याच चिंध्या. कपड्याला हात लावण्याआधी ती त्याच कापडाच्या तुकड्यावर नमुन्याचं एक काज पाडायची. तुकड्यावर बॉलपेनने तारीख, शिंप्याची खूण आणि किती काजं करायची तो आकडा लिहायची, आणि त्याच काजातून तार ओवून तो भिंतीला टांगायची. 'ताई, काज सैल झालंय हो' म्हणत कुणी आला, की त्याच्याच कापडाचा पुरावा त्याच्या नाकासमोर! दहा वर्षांत ती एकही भांडण हरली नव्हती.

अशा बाईचं मशीन एका सोमवारी टाके सोडायला लागलं. मेकॅनिक आला, त्याने झाकण उघडलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"ताई, याचे पार्ट आता मिळत नाहीत. फार तर महिनाभर रेटाल. नवीन घ्या."

नवीन मशीन नव्वद हजाराचं. काजताईजवळ साठवलेले चाळीस होते. पन्नास कमी पडत होते, आणि तेही नेमके आत्ता. कोपऱ्यावरच्या मास्तरांना, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या शिंप्यांना, एका हॉटेलच्या सहाशे कोटांची ऑर्डर मिळाली होती. मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तीन आठवड्यांत मशीन लागलं तर काम तुझं. नाहीतर मला ते कारखान्यात पाठवावं लागेल." आणि एकदा कारखान्यात गेलेलं काम पुन्हा जिन्याखाली येत नाही, हे काजताईला कुणी शिकवायला नको होतं.

ती बँकेत गेली. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ बघितलं.

"याआधी कधी कर्ज घेतलंय?"

"कधीच नाही," काजताई मान ताठ करून म्हणाली. "दोऱ्याचं एक रीळसुद्धा उधार आणलेलं नाही."

"तीच तर अडचण आहे. तुमची काही नोंदच नाही. आणि उत्पन्न बघा, फारच कमी दाखवलंय."

"म्हणजे कुणाचे बुडवले असते तर नोंद झाली असती, नाही का?"

साहेब हसले, पण अर्ज परत आला तो आलाच. काजताई घरी आली ती भांडी जरा जोरातच घासत बसली. जन्मभर कुणापुढे हात पसरला नाही, आणि त्याचं बक्षीस काय, तर तुमच्यावर भरवसा नाही!

पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. कापड घेताना ती आधी ते उलटं करायची. सुलट बाजू काय, सगळ्यांचीच छान असते. कर्जाचंही तिने तेच ठरवलं. जो कुणी पैसे द्यायला तयार होईल त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: हातात किती पडणार, आणि सगळं मिळून परत किती जाणार.

पहिला तयार झाला दोऱ्यांचा दुकानदार. "घरचीच माणसं आपण," तो म्हणाला. "महिन्याला शेकडा दहा द्या फक्त."

"म्हणजे महिन्याला पाच हजार. आणि मुद्दल?"

"मुद्दल काय, सवडीने द्या की."

काजताईने दोन रिळं घेतली, रोख पैसे दिले आणि घरच्या माणसाचा निरोप घेतला.

मग नवऱ्याने मोबाइलवर कर्ज देणारं एक ॲप पुढे केलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे बटण दाबलं की काम व्हायला हवं असं त्याचं एकंदर आयुष्याबद्दल मत होतं.

"अगं, पाच मिनिटांत पन्नास हजार मंजूर! बँकवाल्यांना म्हणावं बसा."

"हातात किती?"

त्याने बोटाने बरंच खाली सरकवलं. "चव्वेचाळीस. सहा हजार ते आधीच कापतात."

"आणि परत किती?"

आणखी खाली सरकवलं. "सहा हजार शंभराचे बारा हप्ते." नवऱ्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्याचा चेहरा उतरला. "त्र्याहत्तर हजार दोनशे."

"शिवाय फोनमधले सगळे नंबर मागतंय ते. एक हप्ता चुकला की तुमच्या मावशीला फोन करतील," काजताई म्हणाली.

मावशीचं नाव निघाल्यावर नवऱ्याने निमूटपणे मोबाइल खिशात घातला.

रस्ता दाखवला तो मेकॅनिकने. पोस्टाच्या माडीवर कारागिरांची पतसंस्था होती. त्याची निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच मशीनसाठी पैसे घेत. काजताई माडी चढली. व्याजाचा दर आणि नोंदणीचा नंबर भिंतीवर ठळक लावलेला होता. तिने नेहमीचे दोन प्रश्न विचारले. मॅनेजरबाईंनी कागदावरच लिहून दिलं: पाचशेचा शेअर घेऊन सभासद व्हायचं, हातात पन्नास हजार, दोन हजार चारशेचे चोवीस हप्ते, एकूण सत्तावन्न हजार सहाशे. आधी फेडलं तर दंड नाही. काजताईने कागद उलटून मागची बाजूही बघितली. कोरी होती.

"फॉर्म ठेवून जा," बाई म्हणाल्या. "मी गुरुवारी कामाची जागा बघायला येते. ती बघितल्याशिवाय आम्ही देत नाही."

गुरुवारी मॅनेजरबाई आल्या आणि रीतीप्रमाणे दारातच उभ्या राहिल्या. मशीनकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. त्यांचं लक्ष भिंतीकडे होतं. 'हे काय?' म्हणून त्यांनी विचारलं, काजताईने सांगितलं, आणि बाईंनी गेल्या महिन्याची तार काढून एकेक चिंधी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता आकडे मांडत गेल्या. काजताईला वाटलं, आता काय निघतंय देव जाणे.

शेवटी बाईंनी चष्मा काढला. "ताई, तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंय."

काजताई स्टुलावरून उठलीच. "मी? खोटं?"

"रोजची शंभर काजं लिहिलीत. या तारेवर दिवसाला तीनशे वीस पडतायत. मी तुमचं खरं मानू की या भिंतीचं?"

काजताईला हसावं की रडावं कळेना. ही तर धंद्यातली जुनी खोड! कुणी विचारलं, कसं चाललंय, तर म्हणायचं, 'कुठे काय, शंभरेक काजं मिळतात.' खरं सांगितलं तर शिंपी लगेच म्हणतात, एवढं काम आहे तर दर कमी कर. ते 'शंभरेक' जिभेवर इतकं बसलं होतं, की फॉर्म भरताना हातानेही तेच लिहिलं.

"बँकेच्या फॉर्मवरही हेच लिहिलं होतं?"

"हो," काजताई हळूच म्हणाली, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. बँकेवर भांडी आपटली खरी, पण निम्मा नकार तिने स्वतःच्या हाताने लिहून नेला होता.

मॅनेजरबाईंनी नवा फॉर्म पुढे केला. तिने या वेळी तीनशे वीस लिहिलं. बाई म्हणाल्या, "या आकड्यावर तुम्हाला लाखभरही बसेल. घेताय?"

"पन्नासच द्या. बटणापेक्षा मोठं काज पाडलं, की मग बटण राहत नाही."

पाचव्या दिवशी कर्ज मंजूर झालं आणि मुदतीला चार दिवस बाकी असताना नवं मशीन जिन्याखाली आलं. मास्तर कोटांचा पहिला गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले आणि मशीन खालीवर न्याहाळत म्हणाले, "वा! जोरात दिसतोय धंदा. किती काजं होतात गं रोजची?"

'कुठे काय' जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. काजताईने ते गिळलं.

"तीनशे वीस."

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "तीनशे वीस! मग दर जरा कमी कर की."

"दर कमी आहे म्हणून एवढं काम येत नाही, मास्तर. काज चुकत नाही म्हणून येतं." तिने गठ्ठ्यातून कापडाचा तुकडा काढला आणि मशीनखाली सरकवला. "दर तोच. कोट ठेवा, मंगळवारी न्या."

मास्तरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि कोट ठेवले.